खिडकी कोणत्या रकान्यात

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही नोंद चुकीच्या रकान्यात केली नाही, त्याने म्हातारपणी कुठल्याही कार्यालयाची, यंत्राची किंवा माणसाची भीती बाळगायचं कारण नाही. असं तपासनीसांचं मत होतं. एका रविवारी सकाळी संगणकासमोर खुर्ची ओढताना त्यांनी ते मुलीला फोनवर ऐकवलं, आणि पहिला चहा संपायच्या आत ते मत निकालात निघालं.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते हिशेब तपासत. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणं सुटलं नाही, म्हणून नाव चिकटून राहिलं. खात्यात त्यांचा दरारा एका मांजरामुळे होता. पंपघराच्या रखवालदाराने मांजराच्या दुधाचा खर्च 'उंदीर निर्मूलन यंत्रणा' या रकान्यात दाखवला होता. मांजर ही यंत्रणा नाही, असा शेरा मारून तपासनीसांनी ते बिल परत पाठवलं. पुष्कळ पत्रव्यवहार झाला. शेवटी मांजराला 'तात्पुरते कर्मचारी' या रकान्यात हलवण्यात आलं. मधल्या काळात ते दोनदा व्यायलं; पण पिल्लांच्या नेमणुकीचा आदेश नसल्यामुळे तपासनीसांनी त्यांची दखल घेतली नाही.

असा माणूस आता स्वतःचं करविवरण भरायला बसला होता. दरवर्षी हे काम दोघांत व्हायचं. तपासनीस लिहीत, आणि बायको शेजारी बसून कागद वाचून दाखवी, मध्येच, "अहो, चष्मा कुठल्या रकान्यात ठेवलात?" असं विचारी. यंदा कागद वाचायला कोणी नव्हतं, म्हणून मुलीने परगावाहून 'करसखी' नावाचा प्रोग्रॅम पाठवला होता.

"अगदी सोपं आहे बाबा. ती विचारेल तसं उत्तर देत जायचं."

"ती कोण?"

"करसखी. नाव आहे त्याचं."

करसखी स्वभावाने आनंदी होती. प्रत्येक पान भरून झालं की ती हिरव्या अक्षरांत 'छान!' म्हणे. तपासनीसांनी नाव लिहिलं. छान! पत्ता लिहिला. छान! 'वैवाहिक स्थिती' समोरच्या यादीतून त्यांनी 'विधुर' निवडलं.

'छान! पुढे जाऊ या.'

तपासनीस त्या 'छान'कडे जरा वेळ बघत राहिले. मग पुढे गेले. यंत्राशी वाद घालण्याइतके ते असमंजस नव्हते.

पुढच्या पानावर प्रश्न होता : 'या वर्षी आपण निवृत्तिखात्यातून रक्कम काढली का?' काढली होती. 'आता एक छोटी खिडकी उघडेल. तिच्यातून कारण निवडा.' खिडकी उघडली. आत तीनच कारणं होती. उपचार. घरदुरुस्ती. हौस व इतर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया एकच निवडावे.'

इथे तपासनीसांचा हात थांबला. कारण काढलेले पैसे खिडकीतच गेले होते.

म्हणजे असं. पैसे काढले ते बायकोच्या ऑपरेशनसाठी. पैसे हातात आले त्याच आठवड्यात सर्जनने तपासण्या पुन्हा पाहिल्या, चष्मा पुसला आणि ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं सांगितलं. ती घरी आली. मागच्या खोलीत पलंग टाकला. पण त्या खोलीची खिडकी उंचावर. पडल्या पडल्या तिच्यातून आभाळाचा एक तुकडा आणि विजेची एक तार दिसायची, बस. चार दिवस तारेकडे बघून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, मला माणसं बघायची आहेत." मग तपासनीसांनी गवंडी बोलावला आणि खिडकी खाली आणली. भिंत फोडली, चौकट पलंगाच्या उंचीला बसवली, गज रुंद अंतराने लावले. त्यानंतर जेवढे दिवस मिळाले तेवढे ती कुशीवर वळून रस्ता बघत राहिली. मग वारली.

आता ही खिडकी उपचार, दुरुस्ती की हौस?

त्यांनी मुलीला पुन्हा फोन लावला.

"उपचार टाका ना बाबा."

"उपचार झाले नाहीत."

"पण पैसे काढले त्यासाठीच ना?"

"काढले त्यासाठी. गेले खिडकीला."

"कोण बघायला येणार आहे?"

हा प्रश्न तपासनीसांनी नोकरीत रोज ऐकला होता, आणि त्याचं उत्तर म्हणून ते स्वतः बघायला गेले होते. तरी मुलीच्या समाधानासाठी त्यांनी 'उपचार' दाबून पाहिलं. करसखीने लगेच विचारलं, 'उपचाराचा परिणाम?' आणि दोन पर्याय दिले. सुधारणा. पूर्ण बरे.

तपासनीस मागे आले.

"आणि काही झालं तरी ते 'हौस' दाबू नका हं बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "आई तशी पडलेली असताना हौस कसली?"

"नाही दाबत," तपासनीस म्हणाले.

सोमवारी त्यांनी करसखीच्या मदतकेंद्राला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"निवृत्तिखात्यातले पैसे खिडकीसाठी वापरले. त्याची नोंद कशी करायची?"

"खिडकी उघडत नाहीये का सर?"

"उघडते. चांगली उघडते."

"मग सर, एकदा सगळं बंद करून पुन्हा चालू करा."

"ती खिडकी नव्हे. भिंतीतली."

"अच्छा, म्हणजे कार्यालयात आलात का सर? कितव्या खिडकीवर उभे आहात?"

"अहो बाई, घराची खिडकी. जिच्यातून रस्ता दिसतो ती."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग मुलगी वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, "कारणाबद्दल खात्री नसल्यास आपल्या जोडीदाराशी सल्लामसलत करून निवड करावी, अशी सूचना आहे सर."

"ते जमलं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता."

"ठीक आहे सर. आणखी काही मदत हवी आहे का?"

आणखी काही नको होतं. पण इमारतीत एखाद्याची अडचण फोनवर मोठ्याने बोलली गेली की मदत मागावी लागत नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे वकील आणि वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी, दोघेही आपापलं तज्ज्ञपण घेऊन हजर झाले. वकिलांनी वकिली कधी केली नव्हती. ते कोर्टात टंकलेखक होते. पण इतकी वर्षं दुसऱ्यांची भाषणं टंकून त्यांच्यात वकिली मुरली होती, आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद मिळाल्यापासून ती वर आली होती. बँकवाल्या वहिनी खरोखरच बँकेत कॅशियर होत्या. तपासनीसांच्या बायकोशी त्यांची जिवाभावाची मैत्री. म्हणून त्या तपासनीसांना भावोजी म्हणत आणि त्यांच्या स्वयंपाकघरात न विचारता चहा टाकत.

"भावोजी, एवढं काय त्यात," चहा गाळता गाळता वहिनी म्हणाल्या. "आम्ही बँकेत ज्याला कुठेच जागा नाही ते 'किरकोळ'मध्ये टाकायचो."

"इथे किरकोळ नाही."

"किरकोळ नाही? मग यांचा कारभार चालतो कसा?"

"दुरुस्ती," वकील म्हणाले. "यात विचार करण्यासारखं काही नाही. भिंत, चौकट, गवंडी. दुरुस्ती. दाबा."

तपासनीसांनी दाबलं. करसखीने विचारलं, 'दुरुस्तीपूर्वी वस्तू नादुरुस्त होती का?'

"हो म्हणा," वकील म्हणाले.

"पण नव्हती. खिडकी ठणठणीत होती."

"तिच्यातून दिसत नव्हतं ना? ज्या खिडकीतून दिसत नाही ती नादुरुस्तच."

"उभ्या माणसाला दिसत होतं. ही आडवी होती. खिडकीत काही बिघाड नव्हता हो वकील. बिघाड माणसात होता."

यावर वहिनींनी वकिलांकडे असं बघितलं की वकिलांनी एक बिस्किट घेतलं. वाद नको म्हणून तपासनीसांनी तो प्रश्न कोरा ठेवून पुढचा उघडला. 'सोसायटीच्या परवानगीचा क्रमांक लिहा.'

"कसली परवानगी?" वकिलांनी बिस्किट अर्ध्यावर थांबवलं. "म्हणजे तुम्ही खिडकी बाहेरूनसुद्धा खाली आणलीत?"

"आतून एक आणि बाहेरून एक अशी खिडकी नसते."

"पण इमारतीचं बाह्यस्वरूप..."

"अहो, गवंडी दिवसभर ठोकत होता," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खालच्याच मजल्यावर. ऐकू नाही आलं?"

"मला वाटलं कपाट आहे."

वकिलांनी कप खाली ठेवला. बिस्किटही बशीत परत ठेवलं. शेजारी म्हणून आलेला माणूस उठताना सेक्रेटरी झाला होता.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून नोटीस आली. 'आपण आपल्या ताब्यातील खिडकी विनापरवाना खाली सरकवल्याचे आपल्याच कथनावरून निदर्शनास आले आहे. तरी सदर खिडकी पूर्वस्थानी नेण्यात येऊन खालील भाग विटांनी बुजवण्यात यावा.' तपासनीसांनी नोटीस दोनदा वाचली. सवयीने पेन्सिल घेऊन त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या. मग मागच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

आता हे सगळं का झालं, तर त्यांनी खरं सांगायचं ठरवलं म्हणून. 'उपचार' दाबून मोकळे झाले असते तर खिडकीला कोणी हात लावला नसता. हा विचार त्यांना जेवतानाही सोडेना, आणि बायको गेल्यापासून जेवणावर सोबतीला विचार सोडून दुसरं कोणी नसल्यामुळे तो तिथेच ठाण मांडून बसला.

शेवटी त्यांनी निश्चय केला, की 'उपचार' खरं करून घ्यायचं. ते डॉक्टरांकडे गेले. बायकोला बघायला घरी येणारे हेच. तरुण होते, पण ऐकून घेत.

"खिडकी हा उपचार होता, असं प्रमाणपत्र हवंय."

डॉक्टरांनी जुने कागद उघडले. "मी वेदनाशामक लिहिलं होतं. झोपेची गोळी लिहिली होती. खिडकी लिहिलेली दिसत नाही."

"तुम्ही नव्हती लिहिली. पण तिला फरक पडत होता."

"तो पडत होता," डॉक्टर म्हणाले. "मी आलो की नाडी बघू द्यायच्या आधी मला सांगायच्या, आज शाळेचा शिपाई उशिरा आला, आज बसथांब्यावर दोघांचं भांडण झालं. गोळीसुद्धा कमी केली आपण मध्ये. तसं लिहून देतो."

आणि त्यांनी खरोखरच लिहून दिलं : रुग्णास खिडकीतून रस्ता बघितल्याने बरे वाटत असे. खाली सही, शिक्का. तपासनीसांनी इतक्या वर्षांत पुष्कळ प्रमाणपत्रं तपासली होती. पण शिक्का पुसला जाऊ नये म्हणून प्रमाणपत्र रुमालात गुंडाळून आणण्याची ही पहिलीच वेळ.

वकिलांनी ते वाचलं आणि मान डोलावली. "उत्तम. म्हणजे खिडकी हे आजारपणाचं साधन होतं."

"होतं."

"नियमावलीत तशी सोय आहे. आजारी सदस्यासाठी तात्पुरतं साधन बसवता येतं, विनापरवानासुद्धा. आजार संपला की काढायचं. तळमजल्यावरच्या बाईंना आपण दाराशी उतरण करून दिली होती, आठवतं? पाय बरा झाल्यावर फोडलीच ना."

"त्यांचा पाय बरा झाला होता," तपासनीस म्हणाले.

वकिलांनी घसा साफ केला. "मी काय करू हो? नियम मी केलेला नाही. समिती येऊन पाहणी करेल, मग ठरवू."

समिती म्हणजे वकील, बँकवाल्या वहिनी आणि चौथ्या मजल्यावरचे विमावाले. विमावाले खजिनदार होते आणि देहाने इतके भारदस्त की समिती भरली की नाही हे त्यांच्यावरून कळे. तिघं दुपारी आले. वकिलांनी मापाची पट्टी आणली होती. त्यांनी खिडकीची उंची मोजली, लिहिली, आणि आता पुढे काय मोजावं हे न सुचून पुन्हा मोजली.

"पण दिसतं काय यातून?" विमावाल्यांनी विचारलं. "वस्तुस्थिती बघायला हवी. म्हणजे त्यांच्या जागेवरून."

"मग पडा," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"पलंगावर. त्या पडायच्या तसे. कुशीवर."

विमावाल्यांनी तपासनीसांकडे पाहिलं. तपासनीसांनी उशी सारखी केली. विमावाले चपला काढून अंदाज घेत पडले. पलंगाने आपलं मत मोठ्याने नोंदवलं. कुशीवर वळल्यावर त्यांनी मान गजांकडे पुढे केली. वकिलांनी टिपणासाठी पेन उघडलं.

"काय दिसतंय?"

"थांबा हो." विमावाल्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "शाळेचं फाटक दिसतंय. एक पोरगी एका पायावर उड्या मारतेय. बसथांबा दिसतोय. तो म्हातारा बघा, बस आली तरी चढत नाही."

"तो चढत नाही कधीच," तपासनीस म्हणाले. "ती म्हणायची, याला कुठे जायचंच नाहीये."

"समोर शिंप्याचं दुकान. दारात बसून काजं करतोय. अरे... याने मला हात केला."

आणि पडल्या पडल्या विमावाल्यांनी गजांतून आपला जाडजूड हात बाहेर काढून हलवला. शिंपी सुई थांबवून बघत राहिला.

"मला कशाला केला याने हात? मी काही शिवायला टाकलेलं नाही सध्या."

तपासनीसांनी टेबलावरची औषधाची बाटली उचलली. ती पुन्हा तिथेच ठेवत म्हणाले, "तो तिला करायचा. रोज दुपारी, मशीनवरून उठला की. तिकडून फक्त हातच दिसतो. चेहरा काळोखात राहतो."

"मग आता?" वहिनींनी विचारलं.

"आता मी पडतो दुपारी इथे. तो हात करतो, मी करतो." त्यांनी खिडकीकडे पाठ केली. "त्याला कोणी सांगितलेलं नाही. मलाही जमलं नाही. इतक्या वर्षांत चुकीच्या नावावर केलेली माझी ही एकच नोंद."

वकिलांच्या हातातली पट्टी आपोआप गुंडाळली गेली आणि सटकन वाजली.

विमावाले कोपरावर उठले. "अहो, त्याला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुमच्या पत्नी गेल्याचं. मीच सांगितलं, त्याच आठवड्यात. पँट घट्ट झाली होती म्हणून गेलो होतो. दुकान बंद करून तो इथे भेटायला यायचं म्हणत होता. मीच म्हटलं, गर्दी आहे, नंतर जा."

तपासनीसांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते दुःख होतं की अपमान, हे सांगता येत नाही. आपली लबाडी इतके महिने पकडली गेलेली होती, आणि पकडणाऱ्याने शेरासुद्धा मारला नव्हता.

"म्हणजे तो मला हात करतो?"

"मग कोणाला?" विमावाले म्हणाले. "तुम्हालाच की."

वहिनी नाक पुसत खिडकीपाशी गेल्या आणि सेक्रेटरीकडे वळल्या. "वकील, ही खिडकी बुजवायची असेल तर आधी मला समितीतून काढा. नाहीतर नियम शोधा."

वकिलांनी नियमावली काढली. खरं तर त्यांनाही तेच हवं होतं. फक्त ते नियमाच्या तोंडून यायला हवं होतं. त्यांनी दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबले आणि वाचलं : "सदस्याने आपल्या हौसेखातर स्वतःच्या खोल्यांत केलेल्या फेरफारांत समिती लक्ष घालणार नाही." वर बघून ते म्हणाले, "हे कुंड्या आणि रंगासाठी केलेलं कलम आहे. पण फेरफार तो फेरफार. दुरुस्ती असेल तर परवानगी नव्हती. उपचार असतील तर ते संपले. हौस असेल तर आम्हाला विचारायचा अधिकारच नाही. फक्त तुम्ही कर खात्याला एक आणि आम्हाला एक असं सांगता कामा नये. विवरणाची प्रत जोडा. त्यात 'हौस' असेल तर फाईल बंद."

समिती गेली. विमावाल्यांनी जाताना पलंगावरची चादर नीट केली.

तपासनीस संगणकासमोर बसले आणि त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. शिंप्याचं मात्र नाही.

"बाबा, खिडकी जाऊ दे. पण आईच्या त्या दिवसांपुढे सरकारी कागदावर 'हौस' असं लिहायचं? लोक सहलीला जातात त्याला हौस म्हणतात."

"मलाही तसंच वाटत होतं."

"मग?"

"मग मला गवंड्याचं आठवलं." तपासनीसांनी चष्मा काढला. "तो पहिल्या दिवशी आला ना, तेव्हा भिंत जाड आहे, वेळ लागेल, असं कुरकुरायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हटलं, बाबा रे, पेशंटची गरज आहे, जरा लवकर कर. तर ही आतून ओरडली. आवाज कुठला होता तिला, पण ओरडली. म्हणाली, 'काही गरजबिरज नाही हो मला! डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, कोणी नाही. हौस आहे माझी. वेळ लागू दे, पण चांगली करा.'"

फोनवर मुलगी हसली. मग ते हसणं मध्येच मोडलं. तपासनीस थांबून राहिले. हिशेबात आणि रडण्यात मध्ये बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

"तिचं स्वतःचं निवेदन आहे," शेवटी ते म्हणाले. "साक्षीदार आहे. मी ते बदलायचं म्हटलं तर कुठल्या अधिकारात बदलू?"

"नाही बदलायचं," मुलगी म्हणाली. "दाबा बाबा."

फोन चालूच ठेवून तपासनीसांनी ती छोटी खिडकी पुन्हा उघडली. तिसऱ्या ओळीवर आले. त्यांनी 'हौस व इतर' दाबलं. त्यातलं 'व इतर' त्यांना आवडलं नव्हतं, पण ते खोडायची सोय नव्हती.

'छान!' करसखी म्हणाली.

या वेळी तपासनीसांना राग आला नाही. पुढची दोन पानं त्यांनी मुलीला मोठ्याने वाचून दाखवत भरली. अगदी शेवटच्या पानावर करसखीने जन्मतारीख विचारली. त्यांनी लिहिली. यंत्र क्षणभर फिरलं, विवरण स्वीकारल्याचं तिने कळवलं, आणि छपाईयंत्रातून प्रत बाहेर आली.

ती घेऊन तपासनीस जिना उतरले. पायरीवरच त्यांनी सवयीने तपासायला घेतली आणि तिथेच थांबले. निवृत्तिखात्यातील रक्कम : काढली. कारण : लागू नाही.

वकिलांनी दारातच प्रत घेतली, ती ओळ दोनदा वाचली आणि तपासनीसांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "लागू नाही," ते म्हणाले. "म्हणजे आमचाही नियम लागू नाही. फाईल बंद." आणि फाईलवर शिक्का मारून त्यांनी दार लोटून घेतलं.

वर येऊन तपासनीसांनी मदतकेंद्राला फोन लावला. संगीत संपेपर्यंत ते उभेच होते. तीच मुलगी असावी, किंवा सगळ्यांचा आवाज तसाच असावा.

"मी कारण दिलं होतं," ते म्हणाले. "विचार करून दिलं होतं. ते तुम्ही पुसलंत."

पलीकडच्या मुलीने त्यांचा क्रमांक घेतला, थोडा वेळ बघितलं आणि सांगितलं, की साठीच्या पुढच्या खातेदारांना पैसे का काढले हे विचारतच नाहीत.